आठाचा घाणा

२ फेब्रुवारी, सोमवार

बाराशे बोर्ड, तीन आठवडे. 'हो, होऊन जाईल' म्हणून मोकळा झालो. पेटीवाल्या साहेबांची गाडी वळणाआड जाईपर्यंत दारात हात हलवत उभा होतो. आत येऊन कॅलेंडरवरचे दिवस मोजले.

साहेब बाळांच्या उबेच्या पेट्या बनवतात. दिवस भरायच्या आत जन्मलेलं, मुठीएवढं पोर त्या पारदर्शक पेटीत ठेवतात. पेटीचा बोर्ड कोरा येतो, त्यात अक्कल भरायचं काम आमचं. बोर्डावर दोन चिपा. मोठीला आम्ही मेंदू म्हणतो, छोटीला आठवण. मेंदूत सगळा प्रोग्राम. आठवणीत मोजके आकडे, त्यात मुख्य आकडा हा की पेटी कितीच्या वर तापली तर हीटर बंद पाडायचा. दोन्ही भरून तपासून झाल्या की कुलूप लावायचं, म्हणजे आतलं बाहेरच्याला वाचता येत नाही. त्याची किल्ली फक्त आमच्या कॉम्प्युटरात.

आजवर हे एकेक करत आलो. मेंदू भरा, तपासा, कामाला असलेली मावशी कागदावर खूण करणार. आठवण भरा, तपासा, खूण. कुलूप, खूण. दिवसाला तीस बोर्ड. मावशीला शिंक आली तर एकोणतीस. या चालीने बाराशेला दीड महिना पुरायचा नाही.

जिन्याखाली बसून रेडिओ दुरुस्त करत होतो, तिथून इथवर आलो ते कुणाला 'नाही' न म्हणता. आज पहिल्यांदा वाटलं, जीभ टाळूला चिकटली असती तर बरं झालं असतं.

४ फेब्रुवारी, बुधवार

सहा कामं एका दावणीला बांधली. पुसणं, मेंदू भरणं, तपासणं, आठवण भरणं, तपासणं, कुलूप. सगळ्यांचा मिळून एक जॉब. आठ घरांच्या साच्यात आठ बोर्ड ठेवायचे, झाकण दाबायचं, एक बटण. मावशी म्हणाली, "म्हणजे आठाचा घाणा काढायचा!" तेच नाव पडलं.

पण बटणावर बोट ठेवलं आणि ते हलेना. एकेक करताना चूक एकटी येते. इथे आली तर वरात घेऊन येणार.

दुपारपर्यंत घाणा तीनदा मध्येच अडला. कुठल्याशा घरात पिना नीट टेकल्या नाहीत की एकामुळे आठही थांबायचे. जॉबमध्ये एक चौकट आहे, 'चूक झाल्यास थांबा'. तिच्यातली खूण काढून टाकली. चुकलेल्या एकासाठी सात जणांनी का खोळंबायचं? शेवटचं काम पार पडलं की त्या त्या घराचा दिवा हिरवा होतो; ज्याचा होणार नाही तो बाजूला काढू. संध्याकाळपर्यंत घाण्यावर घाणे निघाले. सगळे हिरवे.

छोटी चिप सापडली की साच्यात एक बारीक 'टक' होते. डोळे मिटून मोजल्या. आठ. मी कानाचा पक्का आहे. रेडिओ उघडायच्या आधी खरखरीवरून सांगायचो काय गेलंय ते.

६ फेब्रुवारी, शुक्रवार

दिवसाला अकरा घाणे, अठ्ठ्याऐंशी बोर्ड, रोजचा माल रोज साहेबांकडे. तरीही झोप धड नाही. स्वप्नात आठ हिरवे दिवे येतात आणि एकेक करून माझ्याकडे बघतात.

मावशीची एक गंमत. परवा घाणा अडला तेव्हापासून झाकण दाबलं की ती पाचव्या घरावर अंगठा रोवून उभी राहते, जॉब संपेपर्यंत. म्हटलं, "मावशी, पाचव्याचेच एवढे लाड का? बाकीचे सात सावत्र आहेत का?"

"तो रुसतो, दादा."

"मग समजूत घाला त्याची." सगळे हसलो. वीस वर्षं झाली तिला माझ्याकडे. यंत्रांशी पोटच्या पोरांसारखी वागते.

९ फेब्रुवारी, सोमवार

मावशीच्या बहिणीचं ऑपरेशन. चार दिवस येणार नाही. जाताना दारातून परत फिरली आणि म्हणाली, "दादा, ते पाचवं..."

म्हटलं, "अहो, हा साचा मी स्वतः बसवलाय, मला काय शिकवता? बहिणीकडे बघा. इथलं विसरा."

तिने एकदा साच्याकडे पाहिलं. मग गेली.

आजपासून घाणा मी काढतोय. साठीकडे झुकलेला माणूस, पण हात अजून चालतात. अकरा घाणे, सगळे हिरवे.

१० फेब्रुवारी, मंगळवार

मावशीपेक्षा मी चटपटीत निघालो. झाकण दाबायचं, बटण दाबायचं, तेवढ्यात पुढचे आठ पुसून तयार. घाणा संपायलाही तिच्या वेळेपेक्षा थोडा कमीच वेळ लागतोय. यंत्रालाही मालकाचा हात कळतो म्हणायचं.

एकदोनदा सातच टक ऐकू आल्या. आठवी दुसरीत मिसळली असणार. कान जुने झाले. घरी सांगितलं तर ही म्हणाली, "तुम्हाला कधीपासून कमी ऐकू यायला लागलं? मी शेजारणीशी कुजबुजते तेवढं बरं ऐकू येतं."

१३ फेब्रुवारी, शुक्रवार

मावशी आली. बहीण बरी आहे. टेबलाशी जाऊन आधी साचा उघडून पाहिला, मग मला विचारलं, "दादा, चार दिवस पाचवं दाबत होतात ना?"

"मावशी, चार दिवसांत चव्वेचाळीस घाणे काढले मी एकट्याने. सगळे हिरवे. दाखवू कागद?"

"हिरवे असणारच हो, पण..."

"मग झालं तर. चहा घ्या."

तिने चहा घेतला नाही. काम हातून जाईल अशी भीती बसली असेल बिचारीला. तिला उगाच वाईट वाटायला नको म्हणून काहीतरी थट्टेचं बोलून हसवायला गेलो. हसली नाही.

१८ फेब्रुवारी, बुधवार

साहेबांचा फोन. त्यांच्याकडे एक पेटी चाचणीला लावून माणूस जेवायला गेला. परत येऊन बघतो तर झाकण वाकलेलं. पेटी तापत राहिली, हीटर बंदच पडला नाही.

मी म्हणालो, "साहेब, झाकणाचं प्लास्टिक हलकं लागलं असेल." दोघेही हसलो. फोन ठेवला तेव्हा रिसीव्हर घामाने ओला झाला होता.

बोलता बोलता त्या बोर्डाचा नंबर लिहून घेतला होता. कागदावर शोधला. १० तारखेचा बोर्ड.

१९ फेब्रुवारी, गुरुवार

'सहज बघतो' म्हणून तो बोर्ड मागवून घेतला. दार लावलं, किल्ली घातली, कुलूप उघडलं. मेंदू ठीक. आठवण उघडली.

कोरी.

पडद्यावर रकान्यांमागून रकाने, सगळीकडे एकच अक्षर. भरलीच गेली नाही. तीन वेळा वाचली. मर्यादेचा आकडा नसला की मेंदू त्या जागी सगळ्यात मोठा आकडा धरतो. म्हणजे ही पेटी कधीच थांबणार नाही.

रोजच्या वापरात फरक दिसणार नाही. सिस्टर ठरवेल तेवढीच ती गरम राहील. पण बाळाच्या अंगाला चिकटवलेला तापमानाचा सेन्सर निसटला, तर पेटीला वाटतं बाळ गार पडलंय, आणि ती तापवत सुटते. त्याच वेळेसाठी ती मर्यादा असते. फक्त त्याच वेळेसाठी.

मग दिवा हिरवा कसा? जॉब उघडून बसलो. उत्तर माझ्याच हातचं होतं. आठवण भरणं फसलं, तपासणंही फसलं, पण 'थांबा'ची खूण मीच काढलेली, म्हणून जॉब पुढे चालत राहिला. शेवटचं काम कुलूप. कुलूप मोठ्या चिपेला लागतं, ते कधी फसत नाही. आणि दिवा शेवटच्या कामाचा.

माल बाहेर जातानाही आम्ही बोर्ड तपासतो, पण हीटर बंद पडतो का याची चाचणी वीस मिनिटांची, म्हणून पंचविसात एकाची. हा त्या एकात आला नाही.

साच्यात रिकामं झाकण दाबून पाचव्या घरात डोकावलो. एक पिन उवेएवढी खाली बसलेली. अंगठ्याने दाबलं की टेकते.

सात टक. मला ऐकू आल्या होत्या.

२० फेब्रुवारी, शुक्रवार

आज काही केलं नाही. हे लिहून ठेवतोय, कारण हे मी दुसऱ्या कुणाला सांगणार नाही.

साहेबांचा सकाळी फोन. "शेठ, हीटरवाल्याला चांगला झापला. म्हणतो माझा माल ठीक आहे. कुणाचं ऐकायचं?"

मी म्हणालो, "हो का?"

दोन शब्द. त्या दोन शब्दांत एका गरीब हीटरवाल्याच्या गळ्यात माझी घोरपड बांधली.

डोकं सैतानासारखं चालतंय. कुलूप लागलेलं आहे. आत काय आहे ते जसं कुणाला दिसत नाही, तसंच आत काय नाही तेही दिसणार नाही. किल्ली माझ्याकडे. उरलेले बोर्ड 'नवा प्रोग्राम आलाय' म्हणून परत मागवता येतील, हळूहळू, बोभाटा न करता. आठवड्यात होईल. फार तर दोन.

आणि त्या दोन आठवड्यांत एखाद्या बाळाचा सेन्सर निसटला तर?

हा प्रश्न आला की उठून पाणी पितो. आज अकरा ग्लास झाले.

संध्याकाळी घरी बशी हातातून सुटली. हिने तुकडे गोळा केले आणि एवढंच विचारलं, "कारखान्यात कुणाला लागलं का?"

म्हटलं, "नाही."

"मग असे का बघताय, कुणाला लागल्यासारखे?"

२१ फेब्रुवारी, शनिवार

सकाळी आत पाऊल टाकलं तर मावशी पर्स खांद्याला अडकवून उभी. टेबलावर तिची खुणांची फाइल.

"दादा, मी जाते. राजीनामा का काय म्हणतात तो लिहिता येत नाही मला, तुम्हीच लिहून घ्या."

"झालं काय?"

"परवा दार लावून बसलात. काल पाचवं घर खोललेलं दिसलं. मला कळतं हो. माझ्या अंगठ्यावर चाललेलं काम होतं ते. मी गेले आणि सांगून गेले नाही. चूक माझी."

कुणी थोबाडीत मारली असती तरी बरं वाटलं असतं. मी म्हणालो, "मावशी, तुम्ही दोनदा सांगायला आलात. दारातून परत आलात. मी ऐकलं का?"

"तुम्ही बोलत होता," ती म्हणाली. टोमणा नव्हता त्यात. होतं तसं सांगितलं.

मग पर्स खाली ठेवली आणि विचारलं, "किती आहेत?"

स्टिकर आम्ही घरांच्या ओळीने लावतो, पहिल्यापासून आठव्यापर्यंत. त्यामुळे कुठला नंबर पाचव्या घरातला ते काढता येतं. चव्वेचाळीस घाणे, चव्वेचाळीस नंबर. त्यातले काही भरलेही गेले असतील, पिन कधी टेकते कधी नाही. पण धरायचे सगळे. मावशीने मोठ्याने वाचले, मी लिहिले. 

फोन लावताना साहेबांचा नंबर, जो मला झोपेतही येतो, दोनदा चुकला.

सगळं सांगितलं. जॉब, चौकट, दिवा, पिन. हीटरवाल्याचा काही दोष नाही, हेही. 

"शेठ, हे तुम्हाला कधी कळलं?"

इथे 'आत्ताच' म्हणता आलं असतं. जिभेवर आलंही होतं.

"परवा."

"परवा."  मग खुर्ची सरकल्याचा आवाज. "पुढचं काय ते नंतर बोलू. तुमचं यंत्र घेऊन या. आत्ता."

चव्वेचाळिसातले एकोणचाळीस त्यांच्या गोदामातच सापडले, वाकलेल्या झाकणाच्या पेटीतला एक आमच्याकडे. चार पेट्यांत बसून बाहेर गेलेले. तीन हॉस्पिटलांनी फोन उचलले. दोन पेट्या अजून खोक्यात, तिसरी बंद करून ठेवली. चौथं हॉस्पिटल म्हणालं, पेटी शोधून उद्या सांगतो.

उद्या!

२३ फेब्रुवारी, सोमवार

कालचं आज लिहितोय. काल घरी यायला फार उशीर झाला.

रविवारी दुपारी बाराला, आम्ही साहेबांच्या गोदामात असताना, चौथ्या हॉस्पिटलचा निरोप आला. त्यांनी ती पेटी एका लांबच्या लहान हॉस्पिटलाला उसनी दिली होती. चार दिवस झाले. नंबर दिला. साहेब म्हणाले, "मी बोलतो." मी म्हणालो, "नको. मला बोलू द्या."

एका सिस्टरने उचलला.

"तुमच्याकडे उबेची नवी पेटी आली आहे ना? चालू आहे का?"

"चालूच आहे. बाळ आहे आत. बोला लवकर, मी एकटी आहे इथे."

"बाळाला बाहेर काढा."

"कोण बोलतंय?"

"पेटीचा बोर्ड मी भरला. त्यात चूक राहिली आहे. ती तापत सुटली तर थांबणार नाही. तुम्ही आधी बाळ काढा, मग मला काय बोलायचं ते बोला."

फोन कशावर तरी आपटला. चपलांचा आवाज लांब गेला. एक दार. मग काही नाही. मी कानात जीव आणून ऐकत होतो आणि काही म्हणजे काहीच ऐकू येत नव्हतं. समोर साहेब माझ्या तोंडाकडे बघत उभे. मावशीने टेबलाची कड धरलेली. किती वेळ गेला माहीत नाही. त्या वेळात मी काय काय कबूल केलं आणि कुणाकडे, ते इथे लिहीत नाही.

मग रडणं आलं. बारीक, चिरका, झोपमोड झालेल्या माणसाचा राग असतो तसा आवाज. मी खाली बसलो. खुर्ची होती की नव्हती ते पाहिलंही नाही.

"काढलं," सिस्टर म्हणाली. धाप लागली होती. "आता याला ठेवू कुठे? तुमच्या घरी? इथे दुसरी पेटी नाही."

याचा विचारच केला नव्हता मी. काढा म्हणालो, ठेवा कुठे ते नाही.

"तपासलेली पेटी घेऊन येतो. अडीच तास."

"दोन तासांत या. तोवर आईच्या छातीशी बांधून ठेवते."

साहेबांनी स्वतः पेटी उचलून माझ्या गाडीत ठेवली. मावशी पुढे बसली, मांडीवर यंत्र.  मी गप्प बसलोय आणि मावशीही, असा वीस वर्षांतला हा पहिला प्रवास.

दोन तास दहा मिनिटं. एका खोलीत दोन खाटा. एका खाटेवर आई, चादरीत गुंडाळलेली, तिच्या गळ्याखाली एक टोपडं. टोपड्याखालचं तोंड माझ्या अंगठ्याएवढं. आईने माझ्याकडे पाहिलं, मी कोण ते तिला माहीत नव्हतं. हसली.

आधी नवी पेटी लावली. मावशीने ती मर्यादेपर्यंत तापवून दाखवली. हीटर आपोआप बंद पडला तेव्हा सिस्टरने स्वतःच्या घड्याळात वेळ बघितली, आणि पेटी निवल्यावर बाळ आत ठेवलं. मग मी कोपऱ्यात बसून आधीच्या पेटीचा बोर्ड उघडला. मनात म्हणत होतो, भरलेला निघू दे. काही तर भरलेले निघाले होतेच की.

कोरी.

सिस्टर मागे येऊन उभी होती. पडद्यावरचं तिला कळलं नसेल, पण माझी मान कळली असावी. म्हणाली, "काल दुपारी याचा सेन्सर निसटला होता. मी नेमकी दुपटं बदलायला तिथेच उभी होते. लगेच चिकटवला." आणि मग, "मी नसते तर?"

मी नेहमीसारखा काहीतरी बोललो असतो. माणसांना गार करायला मला दोन वाक्यं पुरतात, सगळा धंदा त्यावर उभा केला मी. ती वाक्यं बाजूला ठेवली. मग तिला पहिल्यापासून सांगितलं. चौकटीतली खूण मी काढली. सात टक मला ऐकू आल्या. मावशी सांगायला आली तेव्हा मी चहा देऊ केला. कळल्यावरही दोन दिवस गप्प बसलो; त्या दोन दिवसांत हे बाळ त्या पेटीत होतं.

मी शेवटचं वाक्य बोलत असताना मावशी दाराबाहेर गेली.

सिस्टर चिडेल असं वाटलं होतं. ती कपाटातून एक लांबट रजिस्टर घेऊन आली, पेन मध्ये ठेवून उघडलं आणि माझ्यापुढे सरकवलं.

"लिहून द्या."

"काय काय लिहू?"

"आत्ता बोललात ते. तारखांसकट. दोन दिवसांचंही."

कागदावर आलं की ते माझं राहत नाही, हे मला कळतं. इतकी वर्षं लोकांकडून कागद करून घेतलेत मी. साहेब वाचतील, त्यांच्यावरचे वाचतील, कदाचित ती आईही. दुकान राहील की जाईल ते त्या अर्ध्या पानावर ठरेल. पेन धरलं, आणि नवजात पोराच्या मुठीसारखी माझी मूठ घट्ट मिटली गेली.

पानावर वरपासून बाळाची रोजची वजनं होती. शेवटची ओळ कालच्या सकाळची, एक किलो सातशे दहा, आदल्या दिवसापेक्षा वीस ग्रॅम जास्त. तिच्याखाली आधी माझं पूर्ण नाव लिहिलं, मग पुढचं.